दोन वचनं, दोन शब्द आणि एकच ‘सराफ’

दर बुधवारी संध्याकाळी आमच्या मंडळीतले सात-आठ जण शुभवर्तमान वाचायला बसतो. समोर मराठी बायबल, माझ्या मांडीवर ग्रीक नवा करार, मधे चहाचा थर्मास. त्या दिवशी योहानाचा दुसरा अध्याय होता आणि चौदाव्या वचनाशी गाडी अडली. बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झालेले एक काका आमच्यात आहेत. ते म्हणाले, “ताई, सराफ म्हणजे सोनार ना? मंदिरात गुरं, मेंढरं, कबुतरं होती हे समजतं, बळी द्यायचे असायचे. पण सोन्या-चांदीची दुकानं कशाला?”

कोणीतरी लगेच सांगितलं की हे सोनार नव्हेत, पैसे बदलून देणारे. काकांचं समाधान झालं नाही. “मग तसंच का नाही लिहिलं?” मूळ शब्द सांगावा म्हणून मी ग्रीक पान उघडलं आणि थबकले. चौदाव्या वचनात एक शब्द होता आणि पंधराव्यात त्याच माणसांसाठी दुसराच. हा भाग मी किती वेळा वाचला असेन, पण शब्द बदललेला कधी डोळ्यांत भरला नव्हता. मराठीत दोन्हीकडे ‘सराफ’ आहे, त्यामुळे विचारायचं कारणच पडलं नव्हतं. पुढचे तीन बुधवार आम्ही या दोन वचनांवरच काढले. काय सापडलं, कुठे चुकलो आणि शेवटी कुठे येऊन थांबलो, ते इथे लिहून ठेवते.

मजकूर काय म्हणतो

चौदाव्या वचनात शब्द आहे ‘केर्मातिस्तेस’. येशू यरुशलेमेतल्या मंदिराच्या आवारात येतो तेव्हा गुरं, मेंढरं, कबुतरं विकणारे आणि ‘केर्मातिस्तेस’ बसलेले त्याला दिसतात. संपूर्ण नव्या करारात हा शब्द इथे एकदाच येतो आणि बायबलबाहेरच्या ग्रीकमध्येही तो फार विरळ आहे.

पंधराव्या वचनात येशू दोऱ्यांचा कोरडा, म्हणजे चाबूक, करतो, सगळ्यांना बाहेर काढतो, आणि मग ‘कोल्लुबिस्तेस’ लोकांचं ‘केर्मा’ ओतून देतो व त्यांच्या ‘त्रापेझा’ उलथतो. ‘कोल्लुबिस्तेस’ नव्या करारात तीनदा आहे: मत्तय 21:12, मार्क 11:15 आणि इथे. मंदिराच्या शुद्धीकरणाच्या गोष्टीत हाच शब्द रुळलेला दिसतो. लूक या लोकांचा उल्लेखच करत नाही, तो नुसतं ‘विकणारे’ म्हणतो.

तिसराही एक शब्द आहे, ‘त्रापेझितेस’. तो मत्तय 25:27 मध्ये, रुपयांच्या दाखल्यात येतो. पैसा पुरून ठेवणाऱ्या दासाला धनी म्हणतो, निदान त्यांच्याकडे ठेवला असतास तर मला व्याजासकट परत मिळाला असता.

लॅटिन व्हल्गेट भाषांतराने या तिघांनाही एकाच शब्दात बसवलं: ‘नुम्मुलारियुस’. त्यामुळे तीन शब्दांचा एक शब्द होणं मराठीपासून सुरू झालेलं नाही. पश्चिमेतल्या वाचकाला हजारभर वर्षं हा फरक दिसत नव्हता.

शब्द फोडून पाहिले तेव्हा

‘केर्मा’ म्हणजे सुटं नाणं. तो आला ‘केइरो’ या क्रियापदावरून, अर्थ कापणे, कातरणे. कापलेला तुकडा तो केर्मा. हे सांगताच एक ताई म्हणाल्या, “म्हणजे मोड!” मी पुढे काही समजावण्याची गरजच उरली नाही. आपणही नोट मोडतो आणि जे हातात येतं त्याला मोड म्हणतो. खुर्दा हा फारसीतून आलेला शब्दही तुकड्यांचाच. ग्रीक माणसाने कापलं, आपण मोडलं, हातात चिल्लर तीच.

या शब्दाचा ग्रीक कानाला कसा आवाज येत असेल, याचे दोन दाखले मला फार आवडतात. ॲरिस्टोफनीसच्या ‘पक्षी’ या नाटकात (इ.स.पू. 414) प्रेक्षकांना वचन दिलं जातं की लॉरियनची घुबडं तुमच्या बटव्यांत घरटी करतील आणि बारीक केर्मा उबवतील. अथेन्सच्या चांदीच्या नाण्यांवर घुबड असायचं आणि लॉरियनला चांदीच्या खाणी होत्या. मोठं घुबड म्हणजे मोठं नाणं आणि त्याची पिल्लं म्हणजे सुटे पैसे. दुसरा दाखला प्लेटोच्या ‘मेनो’ संवादातला. सद्गुण म्हणजे काय असं विचारल्यावर मेनो त्याचे प्रकार मोजू लागतो. तेव्हा सॉक्रेटिस म्हणतो, सद्गुण फोडू नकोस, त्याची मोड करू नकोस असं मी आताच तुला विनवलं होतं ना. तिथलं क्रियापद ‘केर्मातिझो’ आहे. आमचा ‘केर्मातिस्तेस’ म्हणजे हेच काम करणारा, मोड करून देणारा.

‘कोल्लुबोस’ दुसऱ्या बाजूने येतो. तो मुळात अगदी क्षुल्लक किमतीचं नाणं. ॲरिस्टोफनीसच्याच ‘शांती’ नाटकात (इ.स.पू. 421) विळे करणारा म्हणतो की युद्धात विळा कोणी एका कोल्लुबोसलाही घेत नव्हतं आणि आता तो पन्नास द्राख्मांना विकतोय. आपण तिथे कवडी म्हटलं असतं. पुढे कोल्लुबोस म्हणजे नाणं बदलण्याचा दर, बदलून देण्याची आकारणी, असा अर्थ झाला. हिब्रूतला ‘कल्बोन’ हा शब्द याच्याशी जोडला जातो, आणि यहुदी तोंडी नियमांचा संग्रह असलेल्या मिश्नाच्या शेकालीम या भागात मंदिराच्या पट्टीवरच्या, म्हणजे करावरच्या, जादा आकारणीला हेच नाव आहे. याला मराठीत नेमका शब्द आहे: बट्टा. कोल्लुबिस्तेस म्हणजे बट्टा घेणारा.

‘त्रापेझा’ म्हणजे मेज. ज्याचं मेज, तो त्रापेझितेस. हिब्रूतही तसंच, शुल्हान म्हणजे मेज आणि शुल्हानी म्हणजे पैसे बदलणारा. बँक हा शब्द इटालियन बाकावरून आला. आपली पेढीसुद्धा मुळात बैठकच. ग्रीसमध्ये आजही बँकेच्या पाटीवर ‘त्रापेझा’ लिहिलेलं असतं.

मोड, बट्टा, पेढी. माणूस एकच असेल, पण पहिला शब्द त्याच्याकडे गिऱ्हाईक कशाला येतं ते सांगतो, दुसरा त्याला काय सुटतं ते, आणि तिसरा तो कुठे बसतो ते.

तीन उत्तरं जी आम्ही आधी मानली

पहिलं उत्तर माझंच होतं. मी म्हटलं, योहानाला एकाच गोष्टीसाठी दोन शब्द वापरायची सवय आहे. एकविसाव्या अध्यायात येशू पेत्राला तीनदा विचारतो, तेव्हा प्रीतीसाठी दोन क्रियापदं आहेत आणि मेंढरं चारण्या-पाळण्यासाठीही दोन. प्रत्येक बदलात गूढ शोधू नये. हे मी आजही खोटं म्हणणार नाही. पण मग एवढा दुर्मीळ शब्दच का? रुळलेला शब्द त्याला माहीत होता आणि पुढच्याच वाक्यात त्याने तो वापरलाही. सवयीने शब्द बदलणारा माणूस सहसा हाताशी असलेला दुसरा शब्द उचलतो. हा शब्द हाताशी असणारा नव्हता.

दुसरं उत्तर बहुतेक प्रवचनांतून ऐकू येतं: रोमी नाण्यांवर सम्राटाचा मुखवटा असे, तो मूर्तिपूजेचा, म्हणून मंदिरात चालत नसे आणि बदलावा लागे. ऐकायला पटतं. पण मंदिराची पट्टी ज्या नाण्यात भरत ते सोर शहराचं चांदीचं नाणं होतं. इ.स.पू. 126 च्या सुमारापासून ते पाडलं जाई. त्याच्या एका बाजूला सोरचा देव मेल्कार्त याचं डोकं, दुसऱ्या बाजूला गरुड आणि कडेने लेख: सोर, पवित्र आणि अभंग. परक्या देवाचा चेहरा असलेलं नाणं मंदिराच्या तिजोरीत जात होतं. मग सोरचंच नाणं का? कारण त्याची चांदी. पूर्ण नाणं, म्हणजे शेकेल, 14 ग्रॅमच्या आसपास आणि चांदी नव्वद टक्क्यांहून जास्त, वर्षानुवर्षं कस न बदललेला. काकांना हे ऐकून फार बरं वाटलं. “कॅशियरला नाण्यावर कोणाचं तोंड आहे याच्याशी काय करायचंय, नाणं खरं पाहिजे,” असं ते म्हणाले आणि अंगठ्याने तर्जनीवर नाणं घासल्यासारखं करून दाखवलं.

तिसरं उत्तर असं, की ते लोक भाविकांना लुबाडत होते. मत्तय, मार्क आणि लूक यिर्मयाचं वचन देतात, ‘लुटारूंची गुहा’, त्यावरून हे आलं असावं. योहानात ते वचन नाही. तिथे येशू म्हणतो, माझ्या पित्याचं घर व्यापाराचं घर करू नका. फसवणुकीचा आरोप योहानाच्या तोंडी नाही, तो व्यापाराबद्दल बोलतो. इथे मला थोडं तळमळून लिहावंसं वाटतं. इतिहासात या प्रसंगाचा वापर यहुदी समाजाला लोभी ठरवण्यासाठी झाला आहे आणि त्यातून भयंकर गोष्टी घडल्या आहेत. मजकुरात जे नाही ते आपण वाचून दाखवू नये, एवढी जबाबदारी शब्द उघडून बसणाऱ्यावर तरी आहेच.

हिशेब

दुसऱ्या बुधवारी काकांनी हिशेबाची वही आणली. मिश्ना इ.स. 200 च्या सुमारास संकलित झाली, मंदिर पडलं 70 मध्ये. म्हणजे तिच्यातला तपशील नंतर लिहून ठेवलेला आहे, तो डोळे झाकून घ्यायचा नाही. तरी तिथे जे आहे ते फार बारकाईचं आहे.

ही पट्टी म्हणजे बायबलातल्या निर्गम 30 प्रमाणे वीस वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषाने द्यायचा अर्धा शेकेल. श्रीमंताने जास्त नाही, गरिबाने कमी नाही. अदार या यहुदी महिन्याच्या 15 तारखेला प्रांतात मेजं मांडली जात आणि 25 तारखेला मंदिरात. अर्ध्या शेकेलवर कल्बोन, म्हणजे बट्टा. किती? रब्बी मेईर म्हणतात एक मेआ चांदी, बाकीचे विद्वान म्हणतात अर्धा. दिनाराला सहा मेआ आणि अर्ध्या शेकेलचे दोन दिनार, म्हणजे बारा मेआ. काकांनी वहीत मांडलं: बारात एक, शंभराला आठ रुपये तेहतीस पैसे. दुसऱ्या मताने चोविसात एक, शंभराला चार रुपये सतरा पैसे.

त्याच जागी आणखी एक वाक्य आहे आणि आमच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं तेच ठरलं. पूर्ण नाणं देऊन अर्धं परत घेणाऱ्याला दोन कल्बोन पडतात. म्हणजे नाणं मोडून घेतलंत की बट्टा दुप्पट. मोड आणि बट्टा एकाच मेजावर, एकाच व्यवहारात, इथे हातात हात घालून उभे आहेत. योहान चौदाव्या वचनात मोड देणारा म्हणतो आणि पंधराव्यात बट्टा घेणारा, ते या मेजावरून पाहिलं तर एकाच माणसाचे दोन हात वाटतात.

काकांना एका देवस्थानाच्या पायऱ्या आठवल्या. तिथे एक म्हातारी पुढ्यात पितळी ताट घेऊन बसायची, ताटात रुपया-रुपयाच्या नाण्यांच्या चळती. भिक्षेकऱ्यांना वाटायला लोक तिच्याकडून शंभराची मोड घेत आणि ती नव्वद मोजून देई. “कोणी तिच्याशी भांडायचं नाही,” काका म्हणाले. “दहा रुपये तिच्या बसण्याचे. पण आमची आई मात्र घरूनच सुटे घेऊन निघायची.” ती म्हातारी केर्मातिस्तेस होती आणि कोल्लुबिस्तेसही. त्या दिवसानंतर आमच्या गटात कोणाला हे दोन शब्द समजावावे लागले नाहीत.

एक गाठ मात्र राहिली होती. मिश्नाप्रमाणे पट्टी वसुलीची लगबग वल्हांडण या यहुदी सणाच्या आधीच उरकत येई. योहान तर म्हणतो वल्हांडण जवळ आला होता. मग तेव्हा मेजांवर कोण काय बदलत होतं? माझं मत असं की इथेच ‘मोड’ हा शब्द आपलं वजन दाखवतो. यात्रेकरूला पट्टीखेरीज बारीकसारीक खरेदी असे, विशेषतः गरिबाला. लेवीय 12 प्रमाणे ज्या बाळंतिणीला कोकरू परवडत नाही ती दोन पारवे किंवा कबुतरांची दोन पिल्लं देते. लूक सांगतो की येशूच्या जन्मानंतर मरियेने हेच दिलं. मिश्नातच (केरिथोत 1:7) एक हकिकत आहे. यरुशलेमेत कबुतरांच्या जोडीचा भाव सोन्याच्या दिनारावर गेला. रब्बान शिमोन बेन गमलिएल यांनी शपथ घेतली की भाव चांदीच्या दिनारावर आल्याशिवाय आज रात्री झोपणार नाही. त्यांनी असा निवाडा दिला की बाईवर अनेक बाळंतपणांची अर्पणं राहिली असली तरी एकच पुरे. मागणी पडली आणि त्याच दिवशी जोडी दिनाराच्या दोन चतकोरांवर आली.

दिनाराच्या चतकोरांत व्यवहार करायचा तर हातात मोड हवी. गुरं विकत घेणारा मोठी नाणी मोजतो, कबुतरं घेणाऱ्या बाईला मोड लागते. योहानाच्या ओळीत कबुतरं विकणारे आणि मोड देणारे शेजारी-शेजारी येतात. तो क्रम मुद्दाम ठेवलाय असं मी म्हणणार नाही, पण बाजारात ते तसेच शेजारी बसत असणार.

ओतून दिलं

तिसऱ्या बुधवारी पंधरावं वचन मी मोठ्याने ग्रीकमधून वाचलं. तेव्हा लक्षात आलं की आमचे तिन्ही धागे त्या एका वाक्यात आहेत: कोल्लुबिस्तेस, केर्मा, त्रापेझा. बट्टेवाल्यांची मोड ओतली, मेजं उलथली. ‘केर्मा’ हा शब्दसुद्धा नव्या करारात इथे एकदाच आहे. काही हस्तलिखितांत तो एकवचनी आहे, काहींत अनेकवचनी, पण आहे तो मोडीचाच. मार्क आणि मत्तयात मेजं उलटतात, नाणी ओतली जात नाहीत. ती फक्त योहानात ओतली जातात आणि ती मोठी चांदीची नाणी नाहीत, चिल्लर आहे.

म्हणून आता मला वाटतं की चौदाव्या वचनातला दुर्मीळ शब्द पंधराव्या वचनातल्या त्या ओतण्याची तयारी आहे. परंपरेतून आलेला शब्द ‘कोल्लुबिस्तेस’ योहानाने ठेवला. त्याच्या आधी त्याने आपला शब्द घातला, ज्यात केर्मा ऐकू येतो, कारण पुढच्या ओळीत तो केर्मा दगडी फरशीवर पडणार आहे. मोड पडल्याचा आवाज ज्याने ऐकलाय त्याला ही जागा कळेल. चेंगराचेंगरीत मोठं नाणं एखादं घरंगळतं. चिल्लर पसरते, लोकांच्या पायांत जाते, आणि ती गोळा करायला माणसाला गुडघ्यावर यावं लागतं.

मग मराठीत काय

‘सराफ’ चुकीचा नाही, हे काकांना सांगणं मला गरजेचं वाटलं. अरबी ‘सर्राफ’ म्हणजे नाणं बदलणाराच. अंकुशी रुपया, चांदवडी रुपया, कंपनीचा रुपया अशी नाना नाणी एकाच बाजारात फिरत तेव्हा सराफ ती पारखून, बट्टा कापून बदलून देई. ज्यांनी पहिल्यांदा मराठी बायबलात हा शब्द घातला त्यांच्या वाचकाला तो अचूक कळत होता. शब्द तिथेच राहिला, पण सराफाचा धंदा बदलला. रुपया सगळीकडे एक झाला, बदलायचं काही उरलं नाही, आणि सराफ सोन्याच्या पेढीवर जाऊन बसला. आज सराफ बाजार म्हटलं की मंगळसूत्र आठवतं. बट्ट्याचंही तसंच, तो आता नावालाच लागतो.

पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल केलं. 1922 मध्ये त्या गेल्या आणि 1924 मध्ये ते प्रसिद्ध झालं. शाळा न पाहिलेल्या बाईलाही कळावं असं मराठी त्यांना हवं होतं. त्या आग्रहाची आठवण ठेवून आम्ही आमच्यापुरती एक ओळ लिहायची ठरवली, छापायला नाही, वहीच्या समासात.

पहिला खर्डा माझा होता: “नाणी बदलून देणारे बसलेले.” तो सगळ्यांनी नाकारला, कारण त्यात मोडही नाही आणि बट्टाही नाही. कोणी ‘चिल्लरवाले’ सुचवलं. अर्थ बसतो, पण चिल्लरमध्ये हलकेपणा येतो आणि योहान त्या माणसांना हिणवत नाही. ‘खुर्देवाले’ वयस्करांना आवडलं, तरुणांना कळेना. शेवटी काकांच्या अक्षरात वहीत हे आलं:

“मंदिरात गुरं, मेंढरं आणि कबुतरं विकणारे आणि मोड देणारे बसलेले त्याला आढळले. मग त्याने दोऱ्यांचा कोरडा करून मेंढरं आणि गुरं यांच्यासह सर्वांना मंदिराबाहेर घालवलं, बट्टा घेणाऱ्यांची मोड ओतून दिली आणि त्यांची मेजं उलथली.”

‘मेजं’ की मराठी बायबलातले ‘चौरंग’, यावर अजून एकमत नाही. मेज उलथलं तर ते नुसतं सामान वाटतं. चौरंगावर आपल्याकडे पूजा मांडतात, आणि मंदिरात बसून त्या चौरंगावर मोड मोजली जात होती म्हटलं की ओळ वेगळीच लागते, असं एका ताईंचं म्हणणं. मूळ ग्रीकमध्ये तसं काही नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, “ग्रीकमध्ये नसेल, पण मी चौरंगच वाचणार.” काकांनी समासात दोन्ही शब्द लिहून ठेवले आहेत.